विम्याच्या कार्डावरची बायको

महिपतीला सोलापुरात महिपती म्हणणारं कुणी नव्हतं. गिरणीत तो कुंडलिक. थोरला भाऊ कुंडलिक गिरणीला कंटाळून गावाकडं, केमला शेतीवर परतला, तेव्हा कामगार भरणाऱ्या जॉबरनं त्याच्याच नावावर धाकट्याला मागावर उभं केलं. तशी चालच होती. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. हजेरी भावाच्या नावाची, विम्याचं कार्ड भावाच्या नावाचं, आणि त्यावर बायको म्हणून वहिनी, दगडाबाई. आता बोला! अकरा वर्षं पगारातून विमा कापला जात होता, पण धडधाकट माणसाला दवाखाना कशाला आठवतोय?

चौऱ्याहत्तर साली गावी राहणारी त्याची बायको सोजरबाई खोकताना रक्त टाकायला लागली, तेव्हा आठवला. तिला घेऊन तो केमहून थेट विम्याच्या दवाखान्यात आला. कामगाराच्या बायकोला तिथं खाट, औषध, दूध, सगळं फुकट. पण खरं नाव सांगावं तर नोकरी जाणार, आणि नोकरीमागनं विमाही. दाराशीच त्यानं तिला हळूच पढवलं, "नाव इचारलं तर दगडाबाई सांग. नवरा कुंडलिक."

सोजरबाई जागीच थबकली. ज्या दिरासमोर तिनं पंधरा वर्षांत डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता, त्याची बायको व्हायचं?

"थोरल्या दिराची बायकू म्हनून मी त्या खाटंवर न्हाय पडायची."

"अगं, कागदावरच हाय की ते!"

"कागदावर बी न्हाय."

त्यानं विनवलं, डाफरला, शेवटी तिथंच पायरीवर बसून रडला. बाई काही हटली नाही. संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत केमला गेली. तीन महिन्यांत खेळ आटोपला.

तेरावं उरकून महिपती एकटाच सोलापूरला आला. गिरणीत त्याचं भादरलेलं डोकं बघून शेजारच्या मागावरच्या विरुपाक्षनं विचारलं, तसं तो एवढंच म्हणाला, "घरची माझी गेली." दुपारपर्यंत गिरणीभर झालं. विम्याचं बघणारा कारकून भला माणूस. त्यानं मुद्दाम त्याला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा पाजला.

"लई वाईट झालं, कुंडलिकराव," असं म्हणत त्यानं रजिस्टर उघडलं आणि दगडाबाईच्या नावावर हलक्या हातानं रेघ मारली.

तिकडं केमला वहिनी जितीजागती भाकऱ्या थापत होती. महिपतीला ओरडून सांगावंसं वाटलं, 'ती न्हवं, सायेब! माझी सोजरा गेली.'

"व्हय सायेब," तो म्हणाला, आणि मागावर जाऊन उभा राहिला.