एन्झाइमचं आडनाव

वाशीमच्या कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा खोली बघायला गेले. म्हाताऱ्या घरमालकाने आधी आडनाव विचारलं आणि मग म्हणाला, "खोली तं कालच देल्ली, मॅडम." 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी दारावर तशीच होती.

तणतणत प्रयोगशाळेत आले. सोयाबीनच्या मुळांतल्या जिवाणूंची, साखर उचलून दुसऱ्या रेणूला जोडणारी एन्झाइम्स मी कुळांत लावत होते. एकाची रचना ओळखीच्या कुळाशी जुळली. ते कोणती साखर जोडतं हे न तपासताच, नुसत्या कुळावरून, मी त्या कुळाचीच साखर त्याच्या नावावर लिहून टाकली, छापलीही.

पुढे माझ्या विद्यार्थिनीने तपासलं. ते त्या साखरेला शिवतही नव्हतं. तोवर माझी चूक कित्येक संशोधकांनी जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

त्या म्हाताऱ्याला मी अजून शिव्या घालते. पण त्याने निदान छापलं तरी नव्हतं.