‘पाठवा’ दाबण्याआधी

आमच्या ऑफिसात तिला सगळे मुकी म्हणायचे, अगदी तोंडावर. घरी तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो, अशी तिच्या नवऱ्याचीच तक्रार होती. पण चाचणीच्या खोलीत शिरली की जिभेला कुलूप. तिचं कामच तसं. एखाद्या कंपनीचं नवं अ‍ॅप तयार झालं की ती साध्या, अनोळखी माणसांना बोलवायची, एकेकाला समोर बसवून फोन हातात द्यायची आणि सांगायची, "हे काम करून बघा. करताना मनात येईल ते मोठ्याने बोला. चुकलं तर अ‍ॅप चुकलं, तुम्ही नाही." मग समोरचा कितीही अडखळो, घामाघूम होवो, ती बोट पुढे करायची नाही. आपण वाट दाखवली तर माणूस कुठे अडतो ते कळणार कसं, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशीचं अ‍ॅप दवाखान्याची वेळ घ्यायचं होतं. त्यात क्लायंटने एक नवं पान घातलं होतं: घरी मारहाण होत असेल तर बाईने तिथून गुपचूप मदत मागायची. शेजारच्या खोलीत, फक्त आमच्याच बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेमागे, मी नोंदी घेत होतो. माझ्या बाजूला क्लायंटचे साहेब आणि त्या पानाचा मजकूर लिहिणाऱ्या समुपदेशक बाई. समोरच्या पडद्यावर आम्हाला चाचणीच्या फोनवरचं सगळं दिसत होतं, आवाजही येत होता. साहेबांना पुढच्याच आठवड्यात अ‍ॅप बाजारात आणायचं होतं, त्यामुळे त्यांचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

दुपारी एक बाई आल्या. पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. सोबत नवरा. आत शिरण्यापूर्वी तो म्हणाला, "फोन दे इकडे. आत लक्ष लागणार नाही तुझं." बाईंनी तो निमूट दिला. तो बाहेरच्या सोफ्यावर बसला.

मुकीने त्यांना एक कार्ड दिलं. त्यावर एका काल्पनिक बाईचं नाव, पत्ता, आणि आमच्या चाचणीच्या फोनचा नंबर. "तुम्ही या बाई आहात आणि तुम्हाला मदत हवी आहे, असं समजायचं. नको वाटलं तर हे काम सोडून देऊ."

"नको कशाला? करते की," बाई म्हणाल्या.

त्या कार्डावरचं नाव मोठ्याने म्हणत टाइप करू लागल्या. पडद्यावर मात्र वेगळंच नाव उमटलं.

"ह्या बाई कार्ड सोडून चालल्यात," साहेब वैतागले. त्यांनी मुकीच्या लॅपटॉपवर निरोप टाकला: कार्डाप्रमाणे करायला सांगा.

मुकीने निरोप वाचला आणि तसाच राहू दिला. बालवाडीच्या बाई आता तोंडाने कार्डावरचा पत्ता वाचत होत्या, अगदी मुलांना धडा वाचून दाखवावा तसा. बोटं मात्र लिहीत होती: मी खरं लिहितेय. तो बाहेर बसलाय. मुलगी शाळेत आहे.

साहेबांचा पाय थांबला. समुपदेशक बाई खुर्चीतून उठल्या.

पुढची चौकट मोबाइल नंबरची होती. बाईंनी स्वतःचा नंबर घातला. आणि तेव्हा मला आठवलं. ‘पाठवा’ दाबलं की त्या नंबरवर पोचपावतीचा मेसेज जायचा. ती पायरीही तपासायची म्हणून आम्ही मेसेज खरोखरच चालू ठेवले होते. आणि तो फोन बाहेर नवऱ्याच्या हातात होता.

मी काचेवर हात आपटणार एवढ्यात मुकीने फोनच्या पडद्यावर आपला पंजा ठेवला. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं.

"हे बटण नको," ती हळू म्हणाली. "मेसेज तुमच्या फोनवर जाईल."

बाईंनी झटकन हात मागे घेतला. तेवढ्यात दार ढकलून नवरा आत डोकावला. "झालं का? काय विचारताय एवढं?"

"बटणाचा रंग कुठला आवडतो ते," मुकी म्हणाली. पंजा होता तिथेच.

तो हसला. "तिला काय कळतंय रंगातलं!"

"थोडं राहिलंय. बसा ना बाहेर."

त्याने एकदा बायकोकडे, एकदा टेबलाकडे पाहिलं. मग दार ओढून घेतलं.

दोन्ही खोल्यांमध्ये एक आतलं दार होतं. समुपदेशक बाई त्यातून गेल्या, बालवाडीच्या बाईंजवळ उकिडव्या बसल्या आणि आपण कोण ते सांगितलं. "आत्ता निघायचं की नंतर, ते तुम्ही ठरवा. घाई आम्ही करणार नाही."

"मेसेज गेला?"

"नाही. तुम्ही दाबलंच नाही."

बाईंनी डोळे मिटले. "मग आत्ताच. पण मुलगी आधी. मी तिथे पोचेपर्यंत तिला कुणाच्याही हाती देऊ नका म्हणावं."

साहेबांनी आतल्या दारातूनच आपला फोन पुढे केला. बाईंनी शाळेच्या मुख्याध्यापिकांना स्वतः सांगितलं. मग साहेबांनी गाडीची किल्ली काढली आणि तिघं आमच्या खोलीतून मागच्या सामानाच्या लिफ्टने खाली गेली.

खोलीत मुकी एकटी उरली. बाहेर शांतता पसरली तर तो पुन्हा आत येणार, हे उघड होतं. तिने घसा खाकरला आणि रिकाम्या खुर्चीशी बोलायला सुरुवात केली. "आता मला सांगा, हे पान पाहून काय वाटलं?" मध्ये उत्तराएवढी जागा सोडायची, "हं, हं" करायचं, पुढचा प्रश्न विचारायचा. तिचा आवाज स्थिर होता. टेबलाखाली ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी झाली होती. मी पलीकडे फोनकडे टक लावून बसलो होतो. शेवटी समुपदेशक बाईंचा निरोप आला: मुलगी आईजवळ आहे. निघालो.

मी खालच्या रखवालदाराला वर बोलावलं. मुकी बाहेर गेली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "त्या गेल्या."

"गेल्या म्हणजे? कुठे?"

"मी सांगणार नाही."

त्याने तिला बाजूला ढकललं, आत जाऊन खुर्ची पाहिली, आतलं दार उघडलं, मला पाहिलं. मग आरडाओरडा सुरू झाला. त्याने तिचं मनगट धरलं तेव्हा रखवालदार मध्ये पडला. पोलिसांचं नाव निघताच तो शिव्या देत जिना उतरला. मुकी सोफ्यावर बसली. मी पाणी दिलं.

"मी बटण नको म्हटलं," ती म्हणाली. "पण क्षणभर उशीर झाला असता तर?"

आठवड्याने अहवालाची बैठक झाली. "तो मेसेज काढून टाकला की भागतंय ना?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात पूर्वीची घाई नव्हती.

"नाही. घरात फोन एकाचाच नसतो. मागे काय उघडलं होतं ते दिसतं, पानाचं नाव दिसतं. हे सगळं बदलून पुन्हा बायकांसमोर ठेवायचं, आणि मगच बाजारात." डिझाइनरांनी नाकं मुरडली. ती तसूभरही हलली नाही. साहेबांनी तारीख पुढे ढकलली.

दुसऱ्या फेरीसाठी तिने योजना नव्याने लिहिली. सोबत येणाऱ्याला खालच्या मजल्यावर बसवायचं, चाचणीचे मेसेज पूर्ण बंद ठेवायचे आणि प्रत्येक बाईला आत एकटीला विचारायचं, की हे काम खरंच करायचं आहे का. समुपदेशक बाई त्या सगळ्या दिवसांत तिच्या शेजारी बसल्या. एका सकाळी त्यांनी एवढंच सांगितलं, की मायलेकी बाईंच्या बहिणीच्या घरी सुखरूप आहेत आणि प्रकरण कोर्टात गेलंय. मुकीने दिवा लावला, खुर्ची सरळ केली आणि पुढच्या बाईंना आत बोलावलं.