दोराचं पुढचं टोक

तीन उन्हाळे मी लोकांच्या मागूनच चढले. जर्मनीत इंगोलश्टाटला नोकरी लागल्यावर शनिवारी आल्टम्युल नदीकाठच्या चुनखडीच्या कड्यांवर जाणाऱ्या एका गटात शिरले होते. खाली नदी वळते तिथे पाणी खाडीसारखं पसरलंय. गटातले सगळे पाळीपाळीने पहिले चढायचे, म्हणजे खडकातल्या लोखंडी रिंगांमध्ये दोर अडकवत वर न्यायचे. मी सोडून सगळे.

सुरुवातीची चूक माझीच, नाही कशाला म्हणू? जमीन सोडण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची गाठ तपासायची, त्याला पार्टनरचेक म्हणतात. पहिल्याच दिवशी गटप्रमुखांनी परीक्षा घ्यायला स्वतःची गाठ मुद्दाम अर्धवट ठेवली. मला दिसली हो! पण वडिलांच्या वयाचा माणूस, जन्मभर कडे चढलेला, त्यांना चारचौघांत चूक दाखवायची? मी हसून मान डोलावली. "तुझ्या आदरापायी मी मेलो असतो," ते म्हणाले. कबूल. पण म्हणून तीन वर्षं शिक्षा? विचारलं की एकच उत्तर, "अजून नाही."

त्या शनिवारी माझं डोकं फिरलं. सरळ पुढचं टोक उचललं, कमरेच्या पट्ट्याला बांधलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. "तपासा."

"तू मागून येणार आहेस."

"नाइन," मी त्यांच्याच जर्मनमध्ये नाही म्हटलं. "तपासा."

त्यांनी गाठ ओढून ओढून पाहिली. खोट निघेना. खालून माझा दोर तेच धरणार, म्हणून मग मी त्यांचा पट्टा पाहिला. दोर अडकवायच्या ज्या कडीवर, कॅराबिनरवर, माझा जीव राहणार, त्याचाच स्क्रू उघडा! या वेळी मुद्दाम नव्हता, चेहराच पडला त्यांचा. "स्क्रू लावा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. त्यांनी लावला.

चौथ्या रिंगेच्या वर पाय सटकला आणि मी पडले. दोराने असा हिसका दिला की आई आठवली. गुडघा सोलवटून निघाला.

"खाली घेतो!" ते ओरडले.

"खबरदार! खाली नाही यायचं मला!" मी मराठीतच किंचाळले. शब्द कळले नसतील, आवाज कळला. त्यांनी दोर ढिला सोडला नाही, तसाच ताणून धरला.

रडत होते मी, हो, रडतच ती जागा चढले. वर पोचून स्वतःला रिंगेत अडकवलं आणि ते मागून चढायला लागले तसा त्यांचा दोर धरला. मी पडले होते तिथेच ते अडकले. "घट्ट धर!" म्हणाले. धरला.

वर आल्यावर धापा टाकत त्यांनी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," मी म्हटलं. "म्हणून काय चढायचं नाही?"