सुनेत्राकाकूंच्या घराची फाइल

जयसिंगकाका घोरपडे मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत नकाशे काढण्यात तीस वर्षं गेली, शेवटची बदली लखनौला झाली आणि निवृत्तीनंतर ते तिथल्या तेलीबाग भागातच राहिले. लखनौतल्याच अलीगंजमधल्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ते मुख्य ड्राफ्ट्समन होते आणि मी, अमृता, त्यांच्या हाताखाली. माणूस सरळ, हातात जादू, आणि हट्ट असा की समोरच्यानं कपाळावर हात मारून घ्यावा.

हट्ट एकाच गोष्टीचा. फौजेत असताना एका गवंड्यानं जुन्या नकाशावरून भिंत उठवली. ती पाडावी लागली आणि बोलणी काकांनी खाल्ली. तेव्हापासून नवा नकाशा निघाला की जुना जाळायचा, हा त्यांचा धर्म. पुढं कॉम्प्युटर आले तरी धर्म तोच. ऑफिसातल्या पाचही कॉम्प्युटरवर दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह होण्याची सोय त्यांनी बंद करून टाकली. सेव्ह करताना आधीची प्रत बाजूला ठेवणाऱ्या सोयीची टिकसुद्धा काढली.

"एक नक्शा, एक फाइल," ते सगळ्यांना बजावत. "दो हुए तो दीवार ग़लत उठेगी."

मी एकदा समजावून पाहिलं की बॅकअपची प्रत काही साइटवर जात नाही, फाइल बिघडली तर तीच कामाला येते. काका हसले आणि त्यांनी चहा मागवला. माझा पारा चढला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या कॉम्प्युटरवर दोन्ही सोयींच्या टिका गुपचूप परत लावल्या. त्यांच्याही कॉम्प्युटरवर लावता आल्या असत्या, दोन मिनिटांचं काम. मी लावल्या नाहीत. एकदा ठेच लागू दे म्हाताऱ्याला, मग कळेल, असं मी मनात म्हटलं होतं. हे लिहितानाही मला लाज वाटते.

दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर काकांच्या पत्नी, सुनेत्राकाकू, डबा घेऊन यायच्या. तेलीबागेत त्यांचा छोटा प्लॉट होता आणि त्यावरच्या घराचा नकाशा काका काढत होते. काकूंचा सगळा संसार सरकारी क्वार्टरात गेलेला. चूल कुठं असावी, हे प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणी तरी ठरवलेलं. आता त्या काकांशेजारी खुर्ची ओढून बसत आणि घर सांगत. ओटा इथं नको, तिथं. देवघरातून फाटक दिसलं पाहिजे. लोणच्याच्या बरण्यांना ऊन लागेल असा एक कोनाडा हवा. काका मुकाट्यानं रेघा ओढत. मी दोन टेबलं सोडून कानात गाणी लावून माझं काम उरकत असे, त्यामुळे जेवढं कानावर पडलं तेवढंच. दीड वर्ष हे चाललं. प्रिंट मात्र काकांनी एकदाही काढली नाही, कारण पक्कं झाल्याशिवाय कागद खराब करायचा नाही, हाही नियमच.

फेब्रुवारीत काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काका महिनाभरानं कामावर आले आणि पहिल्याच दुपारी त्यांनी घराची फाइल उघडली. व्हीलचेअर जावी म्हणून सगळी दारं रुंद केली, पायरीच्या जागी उतार काढला. सेव्हचं बटण दाबलं आणि फाइल सेव्ह होत असतानाच नेमकी वीज गेली. त्यांचा यूपीएस आठवड्यापासून दुरुस्तीला गेलेला.

वीज आली, पण फाइल उघडेना. दुरुस्तीचा पर्याय मी चार वेळा चालवून पाहिला. पडद्यावर कोरं पान आलं. आपोआप ठेवलेली प्रत नव्हती, आधीची प्रत नव्हती. काकांनी कॉम्प्युटर बंद केला. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. म्हटलं, आपण तिघं मिळून पुन्हा काढू. बाहेरच्या भिंती काकांना पाठ होत्या, त्या भराभर उठल्या. मग ते अडले.

"ओटा खिडकीखाली होता का गं?" त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी होकारार्थी मान हलवली. काकांनी ओटा काढला, थोडा वेळ पाहिलं आणि समोरच्या भिंतीला नेला. "की इकडं होता?" काकूंनी तशीच मान हलवली. कोनाड्याच्या तीन जागा दाखवल्या, तिन्हींना हो.

काका माझ्याकडे वळले. "ती सांगायची आन् मी काढायचो, अमृता. एकदा काढलं की डोक्यातनं जायचं. ऐकलं कुठं मी?"

मीही कुठं ऐकलं होतं? त्यांच्या कॉम्प्युटरवर टिका मी मुद्दामच लावल्या नव्हत्या, हे त्या वेळी त्यांना सांगायला हवं होतं. काकांनी माउस बाजूला सारला, खुर्ची काकूंच्या जवळ ओढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "रागावलीस का माझ्यावर?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तशीच.