काकू गप्प बसायला शिकल्या

आमच्या मालकीणबाईंच्या धाकट्या जावेनं अख्ख्या उमेळे गावात कुणाला स्वतःचं बोलणं स्वतः बोलू दिलेलं नाही. आम्ही भाडेकरणी त्यांना काकू म्हणतो. भाजीवालीनं भाव सांगायच्या आत काकू तिच्या वतीनं म्हणणार, "उन्हातान्हात टोपली घेऊन आली गं बाई, तिला नाय परवडत," आणि लगेच माझ्या वतीनं, "पण हिचा नवरा गोखिवऱ्याला कंपनीत दिवसभर खपतो, हिला लुबाडू नकोस." आम्ही दोघी नुसत्या उभ्या. एकदा नळावर दोन बायका भांडत होत्या, काकू मधे पडल्या आणि हिचंही सांगायला लागल्या, तिचंही, तर त्या दोघी घरी जाऊन भात लावून आल्या तरी काकू एकट्याच दोन्ही बाजूंनी भांडत होत्या.

मुलगे मोठे झाले आणि काकूंनी ठरवलं, सोशल वर्कर व्हायचं. लग्नाआधी बीए झालेल्या, त्यामुळे वाट मोकळी होती. पदवी कुठलीही चालते म्हणे, पण मग प्रवेश परीक्षा, गटचर्चा, मुलाखत, आणि एवढं करून प्रवेश मिळाला तरी दोन वर्षं कॉलेज आणि त्यातले काही दिवस वस्तीत काम, त्याला फिल्डवर्क म्हणतात. गटचर्चेत शेजारची मुलगी घाबरली तर तिचं म्हणणं काकूंनीच मांडलं आणि मग स्वतःच्या पाळीला ते खोडून काढलं. मुलाखतीत सरांनी खोकत विचारलं, या क्षेत्रात का यायचंय? तर काकू म्हणाल्या, "ते राहू द्या, हा खोकला कधीपासून आहे?" तरी घेतलं त्यांना. घेतलं नसतं तर सरांच्या वतीनं त्यांनीच हो म्हटलं असतं.

गाडी अडली फिल्डवर्कला. त्यांच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं, "तुम्ही लोकांचं तोंड होऊ नका. तुमच्या मदतीनं एक बाई तरी स्वतः बोललेली मला दिसू द्या, नाहीतर फिल्डवर्कमध्ये नापास." काकू तडक माझ्याकडे. मी नववीत शाळा सोडलेली, पांढरा कोट दिसला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि माझ्या तान्ह्या पोरीचं वजन काही केल्या वाढत नव्हतं. सासू म्हणायची दृष्ट लागली. काकू म्हणाल्या, "बाय, उद्या दवाखान्यात तू बोलायचंस. मी हूं की चूं करणार नाय." मला त्यांच्या नापास होण्याचं काही नव्हतं, मला माझ्या पोरीची भीती.

दवाखान्यात ही गर्दी. मॅडम दाराशी उभ्या, काकू माझ्या बाजूला. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "दूध पिते?" मी काकूंकडे बघितलं. काकूंनी पंख्याकडे बघितलं. डॉक्टरांनी टॉनिक लिहिलं, म्हणाले, "पुढचा." काकूंचा चेहरा लालबुंद झाला, तोंड उघडलं, आणि त्यांनी पिशवीतलं अख्खं वेलची केळं सोलून त्यात कोंबलं. दुसरं हातात तयार धरलं. ते बघून मला हसू आलं की रडू, कळलं नाही, पण तोंडातून निघालं, "पिते पण दमते हो डॉक्टर, दोन घोट घेते नि सोडते, कपाळाला घाम येतो, थंडीतपण येतो, ओठ काळपट होतात, मला भ्या वाटतं." डॉक्टरांनी तेव्हा मान वर केली. पोरीच्या छातीला नळी लावली, बराच वेळ लावून ठेवली, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. हृदयाला छिद्र निघालं. औषध चालू आहे, आता वजन धरतेय. काकू बाहेर आल्या, केळं गिळलं आणि पार घरापर्यंत बोलत होत्या. मॅडम हसत होत्या, म्हणजे पास.

आता काकूंना डहाणूच्या पुढं नोकरी लागलीय, तिकडंच खोली घेतली. जायच्या दिवशी निरोप घ्यायला आल्या, पोरीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तू कशी आहेस गं?" आणि गप्प बसल्या. खरंच थांबल्या माझ्या उत्तरासाठी. मला सांगायचं पुष्कळ होतं, बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत होता. मी म्हटलं, बरी आहे. त्यांनी मान हलवली. तेवढ्यापुरतं तरी पूर्वीसारखं माझ्या वतीनं त्याच बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.