झांबियाच्या बाया पासलीच्या हापशावर

परदेशातल्या बाया येणार म्हणून मी सकाळीच हापसे खोलायचे सगळे पाने घासूनपुसून ठेवले होते. हापसे दुरुस्त करणं हे माझं काम. पुण्याच्या एका संस्थेनं कळवलं होतं, आफ्रिकेतल्या झांबियातून चौघी जणी हापसा दुरुस्ती शिकायला आमच्या वेल्ह्यातल्या पासलीला येतायत.

"मला इंग्रजी येत न्हाई," मी आधीच सांगून टाकलं.

"बोलायचं मी बघते ताई, तुम्ही हापसा बघा," संस्थेची मुलगी म्हणाली.

जीप थांबली. चौघींत थोरली होती ती साठीला टेकलेली, अंगानं भरलेली, कमरेला रंगीत कापड गुंडाळलेली. तिनं आमचा हापसा पाहिला आणि मोठ्यानं ओरडलीच! मला वाटलं, काही चावलं की काय. ती पळत गेली, दांड्यावर थाप मारली आणि हसत सुटली. मग मोबाईल माझ्या डोळ्यांपुढं धरला. लाल मातीत एक हापसा उभा. तीच टाकी, तोच दांडा!

"हे पंप इथूनच जातात तिकडं," संस्थेची मुलगी म्हणाली. माझ्या अंगावर काटाच आला. कुठं झांबिया, कुठं वेल्हं.

पण फोटोतल्या हापशाभोवती गवत माजलेलं होतं. मी विचारलं, "ह्यो बंद का?"

थोरली सांगू लागली, संस्थेची मुलगी मराठीत करून सांगत गेली. बाहेरच्या देशाच्या मदतीतून तो हापसा बसला. फीत कापली, फोटो काढले, फलक लागला. दोन वर्षांनी पाणी यायचं थांबलं, तोवर मदतवाल्यांचं काम संपून ते निघून गेले होते. गावात पाना नव्हता, सुटा भाग नव्हता. हापसा आतून कसा असतो, हे कुणाला कधी दाखवलंच नव्हतं. बाया पुन्हा नदीवर जायला लागल्या. नदीत मगरी. तिच्या धाकट्या बहिणीचा हात मगरीनं धरला. बहीण वाचली, हात गेला.

"फलक मात्र अजून चांगला आहे," ती म्हणाली आणि एकटीच हसली.

मी पाना तिच्या हातात दिला. "आज सगळं तुमीच खोलायचं. म्या नुसती बगनार."

आणि काय खोललं त्यांनी! टाकी उतरवली, साखळी सोडवली, मग एकेक पाईप वर ओढायला लागल्या. गावातल्या बाया भात लावायचा सोडून बघायला जमल्या, दोघीतिघींनी तर पदर खोचून हातही लावला. शेवटचे दोन पाईप उरले आणि पाईप धरून ठेवणारा चिमटा सुटला. पाईप सरसर खाली निघाला.

"धरा!" मी ओरडले. थोरलीही तिच्या भाषेत ओरडली. तिनं अंग झोकून पाईपला दोन्ही हातांनी मिठी मारली, आमच्या एकीनं तिला कमरेला धरलं आणि मी चिमटा आवळला. पाईप आत गेला असता तर बोअर वाया गेली असती. मी आणि थोरली चिखलातच बसलो. हसू आवरत नव्हतं.

तळाचं सिलिंडर उघडलं. आतला वायसर, म्हणजे पाणी वर ओढणारी रबराची चकती, झिजून पार पातळ झालेला. थोरलीनं तो तळहातावर घेतला, उलटापालटा करून बघितला. "तुमचा हापसाबी बहुतेक ह्याच्यापायीच बंद पडला असंल," मी म्हणाले.

"एवढ्याशासाठी?" ती म्हणाली. "एवढ्याशासाठी आम्ही नदीवर जात होतो?"

तिचे डोळे भरले. मी नवा वायसर पुढं केला. तिनं स्वतःच्या हातानं बसवला. संध्याकाळच्या आत हापसा जोडून झाला, पहिल्या दहा वेळा हापसलं तर नुसती हवा, मग भसाभस पाणी! पासलीच्या बायांनी टाळ्या वाजवल्या, त्या चौघी तर नाचल्याच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या आळीतला हापसा माझ्याशिवाय खोलला. परत जाताना पेटीतले कपडे काढून त्यांनी पाने आणि वायसर भरले.

दीड महिन्यानं मी भोरहून एसटीनं येत होते. मोबाईल वाजला, व्हिडिओ कॉल. संस्थेची मुलगीही कॉलवर होती. पडद्यावर थोरली फोटोतला तोच बंद पडलेला हापसा हापसत होती. आधी गंजकं लाल पाणी आलं, मग हळूहळू निवळ झालं. मागं बायांचा नुसता कल्ला.

"आलं! पानी आलं!" मी जागेवरून उठून ओरडले. अख्खी एसटी माझ्याकडं बघायला लागली. शेजारच्या आजींनी विचारलं, "कुठं आलं गं?"

"झांबियात!"

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "ताई, आता त्या शेजारच्या गावाच्या हापशाला हात घालतायत. दांडा लई जड चालतोय म्हणे. काय करायचं, विचारतायत."

"साखळीला ग्रीस लावा म्हनावं!" मी म्हणाले. "आन् थांब, फोन ठेवू नगं. आदी दांड्याचा बोल्ट दाखव मला."