खातूनबी बसली

खातूनबीला बसलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. पिंजाऱ्याची ही लेक अहमदपूरच्या बाजूनं लग्न होऊन आली, तेव्हापासून उभीच. भाकरी थापताना बसत असेल, पण त्याला का बसणं म्हणायचं? शेजारची गुरम्मा तर म्हणायची, "खातूनबी नुसती बसलेली दिसली की समजा, पाऊस आला." ही थट्टा तळ्याच्या पल्याडही पोचली होती. आणि त्या साली तर पावसाचा पत्ताच नव्हता.

सलग दुसरं साल कोरडं चाललेलं. तळं आटून हिरवं झालं होतं, गुरंसुद्धा तोंड लावून मागं फिरत. गोडं पाणी होतं ते पल्याड, धोंडप्पाच्या विहिरीत. तळ्याचा अलीकडचा काठ नांदेडात आणि पलीकडचा नव्या लातूर जिल्ह्यात. आपल्या जिल्ह्याचा टँकर एवढ्या आडबाजूला येईना, नव्या जिल्ह्याला हे गाव आपलं वाटेना. धोंडप्पा मात्र जिल्हा न विचारता विहिरीवरचं इंजिन लावून पिंपं भरून द्यायचा.

ती पिंपं यायची खातूनबीचा नवरा चांदपाशा याच्या तराफ्यावरून. लोखंडी ड्रम एकमेकांना बांधून वर फळ्या ठोकलेल्या, मागं एक जुनाट मोटार. भरल्या पिंपांचं ओझं आणि समोरून वारा, म्हटल्यावर मोटार अर्ध्यातच धापा टाकी. मग खातूनबी तळाला बांबू रोवून तराफा रेटायची. चांदपाशाची कंबर गेलेली, तो मोटारीचा दांडा तेवढा धरून दिशा राखी. हे रोजचं. घरी आल्यावर चूल, शेळ्या, सारवण तिची वाट बघतच असायचं. रात्री पाठ टेकली तरी तिच्या खांद्यांना बांबूच दिसायचा.

"नवी मोटार येऊ दे," ती गुरम्माला म्हणाली, "मी घरी बसणार हाय. नुसती बसणार. निवडायला डाळसुद्धा हातात घेणार न्हाई."

सरपंच शिवमूर्तीआप्पांनी हैदराबादहून मोटार आणली. वापरलेलीच, पण दांडगी. "पंधरा घोडे हाईत हिच्यात!" आप्पा म्हणाले.

"अन् चारा कोन घालणार त्यास्नी?" गुरम्मानं विचारलं. आप्पांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मागच्या फळीला नवी मोटार पेलणार नव्हती. चांदपाशानं ती उखडून बाभळीची जाड फळी बसवली, भोकं पाडली, बोल्ट आवळले. खातूनबी फळी धरून उभी होती. मोटार जागेवर चढली तशी तिला आतून हलकं वाटलं. बांबू तिनं तिथंच काठावर टाकून दिला.

चाचणीला आप्पा स्वतः मागं चढले. चांदपाशानं दोरी ओढली, मोटार गरजली आणि तराफ्याचा मागचा भाग खाली बसला. नाक वर, शेपूट पाण्यात. आप्पांचं धोतर कमरेपर्यंत भिजलं. "अगं आई गं!" ते ओरडले. खातूनबी धावत पाण्यात शिरली आणि वर आलेल्या नाकावर पोट टाकून लोंबकळली. तराफा सरळ झाला.

तिथंच तिचं नशीब ठरलं.

येताना भरलेली पिंपं पुढं ठेवता येतील, पण जाताना पिंपं रिकामी. नाकावर वजन हवंच. दगड ठेवावेत, तर ते प्रत्येक फेरीला चढवायचे-उतरवायचे कुणी? प्यायच्या पिंपात तळ्याचं हिरवं पाणी कुणी भरू देईना. गावातली धडधाकट माणसं तर रोजगार हमीवर खडी फोडायला गेलेली.

"भाभी," आप्पा धोतर पिळत म्हणाले, "तुमालाच यावं लागंल."

खातूनबीला सरळ रडूच आलं. पंधरा घोडे आले तरी हिची सुटका नाही! "माझं मेलीचं वजन तरी किती राह्यलंय?" ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट नाकावर चढली. सवयीनं बांबूही घेतला.

"तो ठेव तिथंच," चांदपाशा म्हणाला. "त्याचं काम न्हाई आता."

"मग मी काय करू?"

"काय करू नको. बस."

तिनं पदराचा एक सुटा धागा तोडला. मग दुसरा शोधला, तो सापडला नाही. हात मांडीवर ठेवले, ते तिला कुणा दुसरीचेच वाटले. मोटारीचा आवाज एवढा, की मागून कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. पाठीशी रिकामं पिंप होतं. ती जराशी टेकली.

तळ्याच्या मध्यावर चांदपाशानं पाहिलं, तर तिची मान कलली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी तिला झोपलेलं तो पहिल्यांदाच बघत होता. त्यानं मोटारीचा वेग कमी केला, मग आणखी कमी केला.

"काय पाशाभाई!" पलीकडून धोंडप्पानं आरोळी दिली. "नवी मोटार अन् बैलगाडीवानी?"

चांदपाशानं ओठांवर बोट ठेवून पुढं खूण केली आणि मोटार बंद केली. तराफा आपल्या चालीनं काठाकडं सरकू लागला.

धोंडप्पानं पिंपाला टेकून बसलेल्या खातूनबीकडं पाहिलं, मग वर आभाळाकडं पाहिलं. आभाळात काही नव्हतं. विहिरीवरचं इंजिन सुरू करायला त्यानं घातलेला हात मागं घेतला आणि तोही तिथंच काठावर बसून राहिला.